वारुळावरच्या छत्रीचे कूळ



वर्गीकरण म्हणजे नावांची घोकंपट्टी, असा पुष्कळ मुलांचा समज असतो. म्हणून आज तुम्हांला आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या शेताच्या बांधावर नेतो.

पावसाळ्यात वाळवीच्या वारुळावर छत्र्या उगवतात. जाणकार लोक अळंबी म्हणून त्यांची भाजी करतात. या छत्रीचा दांडा मुळासारखा खोल जाऊन वाळवीच्या बागेला भिडलेला असतो. होय, बागच! वाळवी लाकूड व पाचोळा खाते, आपल्या विष्ठेचे सच्छिद्र पोळे रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशीने मऊ केलेले हे पोळेच मग तिचे अन्न होते.

पूर्वी केवळ रूप पाहून या छत्र्या निरनिराळ्या प्रजातींत घातल्या जात. १९४२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी वाळवीशी असलेले नाते ओळखून त्यांची 'टर्मिटोमायसिस' ही लहानशी स्वतंत्र प्रजाती मानली. त्यातली 'मायक्रोकार्पस' ही जाती अगदी चिमुकली. वाळवीने बाहेर टाकलेल्या पोळ्याच्या भुग्यावर ती शेकड्यांनी उगवते. तिला लांब मूळ नसते. म्हणून १९४५ साली रॉल्फ सिंगर यांनी तिला 'पोडाब्रेला' या वेगळ्या प्रजातीत नेले. पुढे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत ती मूळच्याच कुळातली दिसली. रूप फसवते, नाते टिकते!

याचा आपल्या स्वयंपाकघराशी संबंध आहे. गवतावर उगवणारी 'क्लोरोफायलम मोलिब्डायटीस' ही पांढरी छत्रीही देखणी असते, पण ती विषारी आहे. खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. मुलांनो, छत्रीचा माथा कापून पांढऱ्या कागदावर रात्रभर वाटीखाली पालथा ठेवा. वारुळावरच्या छत्रीचे बीजाणू गुलाबीसर पडतात, या विषारी छत्रीचे हिरवट. प्रयोगानंतर हात मात्र स्वच्छ धुवा.

तथापि, गुलाबी ठसा म्हणजे खाण्याचा परवाना नव्हे. तसा ठसा देणाऱ्या विषारी छत्र्याही आहेत. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडण्याच्या परीक्षेला तर शास्त्रीय आधारच नाही. नेमकी ओळख पटली नसेल तर छत्री चुलीवर चढवू नका. त्रास झालाच तर उरलेला तुकडा घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

पालकांनो, मुलाने वारुळापाशी थांबून प्रश्न विचारला तर त्याला रागावू नका. नीट पाहण्याची ही सवयच उद्या त्याच्या आणि घराच्या उपयोगी पडेल.