पडदा किती उघडा, किती बंद?

आज आम्ही बोलणार आहोत ब्रॉयलर कोंबड्यांबद्दल, ज्यांना आपल्याकडे सगळे बॉयलर म्हणतात. या कोंबड्यांना मागणी असते आखाडात, पोळ्याच्या करीला आणि ३१ डिसेंबरला. पक्षी साधारण चाळीस दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतो. म्हणजे आखाडाची पिल्लं आणायची मृगाच्या पावसात आणि वर्षअखेरची आणायची नोव्हेंबरच्या मध्यावर, थंडी पडायला लागल्यावर. विक्रीचा हंगाम साधायचा तर ओल आणि गारठा दोन्ही सांभाळावे लागतात.

नागपूर म्हटलं की सगळ्यांना ऊन आठवतं. पण याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला ३२ ते ३५ अंश ऊब लागते. आता टिनाच्या शेडमधल्या पिल्लाचे काय हाल होतील, ते तुम्हीच बघा.

आधी पैशाचं बोलू. या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा. पाचव्या दिवशी पिल्लू मेलं तर पिल्लाची किंमत गेली. पस्तिसाव्या दिवशी पक्षी मेला तर त्याने खाल्लेलं दोन-अडीच किलो खाद्यही गेलं. शिवाय गारठलेला पक्षी खाद्य खातो ते अंग गरम ठेवायला, त्याचं वजन काही वाढत नाही. बचत गटाचं कर्ज घेऊन शेड उभारलं असेल तर हप्ता इथेच अडकतो.

पिल्लं येण्याच्या आदल्या रात्री शेडमध्ये धानाच्या तुसाची दोन-तीन इंच गादी अंथरा. मौदा, रामटेककडच्या राइस मिलमध्ये तूस मिळतो, तो कोरडा बघूनच घ्या. पिल्लांभोवती पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करा. चौकोनी केलं तर पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. दर पिल्लामागे एक ते दोन वॅट या हिशोबाने बल्ब लावा आणि पिल्लं येण्याआधी काही तास पेटवून ठेवा. गादी गरम झाली पाहिजे. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश ऊब कमी करत जा.

थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते. कड्याला चिकटून चोच उघडी टाकत असतील तर गरमी जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून गार वारा येतो. आणि सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर ठीक आहे. सकाळी पाणी कोमट द्या, गार पाणी पिल्लं कमी पितात.

आता मुख्य गोष्ट. थंडी आली की आपण चारही बाजूंनी ताडपत्री घट्ट आवळतो. आतली हवा तिथेच राहते. विष्ठा आणि ओलीतून अमोनिया तयार होतो. आत शिरताच आपले डोळे चुरचुरले, तर पक्षी त्यात रात्रभर होते हे लक्षात घ्या. ब्रॉयलर फार झपाट्याने वाढतो, त्याच्या हृदयावर आधीच ताण असतो. थंडीत प्राणवायू जास्त लागतो, आणि हवा कोंदट असली की पोटात पाणी भरतं. पोट फुगतं, तुरा निळसर पडतो, पक्षी धापा टाकतो. तिथून तो बहुतेक वाचत नाही. म्हणून पडदा खाली पक्का बांधा आणि वरून हातभर उघडा ठेवा. गार वारा पक्ष्यांच्या अंगावर येत नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाते. दुपारी ऊन असलं की पडदा आणखी उतरवा.

गादी रोज खालीवर करा. मूठभर तूस दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. ओला भाग काढून कोरडा तूस टाका, थोडा चुना मिसळा. भांड्याखालची जागा आधी तपासा, ओल बहुतेक तिथूनच सुरू होते. ओल्या गादीत रक्ती हगवणीचा जंतू वाढतो. पावसाळ्यात खाद्याची पोती फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. बुरशी लागलेलं खाद्य स्वस्तात मिळालं तरी घालू नका, त्यातलं विष कोंबडीच्या यकृतावर जातं.

लाइट गेली तर कोळशाची शेगडी लागते. ती बाहेर पेटवा, धूर गेल्यावर आत न्या आणि वरची फट उघडी असू द्या. बंद शेडमध्ये शेगडीजवळ कोणीही झोपू नये. त्या वायूला वास नसतो आणि तो माणसाचाही जीव घेतो.

हे रात्रीचं उठणं कोणाच्या वाट्याला येतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आमचं सांगणं असं, की पहिले दोन आठवडे गटातल्या दोघी-दोघींनी पाळी लावावी आणि ती वहीत लिहावी. नफा वाटताना ही जागरणं मोजली गेली पाहिजेत. घरच्या पुरुषांचीही पाळी लावा.

मानमोडी आणि गंबोरोच्या लसी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच द्या. एकाएकी जास्त मर झाली तर मेलेला पक्षी घरी कापू नका, नाल्यात फेकू नका, आणि उरलेले घाईने विकूही नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या. लवकर कळवलं तर शेजारणीचं शेड वाचतं.

पुढची पिल्लं उतरवण्याआधी गटाच्या बैठकीत एवढं ठरवा: तूस कोण आणणार, पडदा कोण बघणार आणि रात्री कोण उठणार.