टिटॅनियमच्या भस्मापासून कठीण द्रव्यें

भिंतीच्या पांढऱ्या रंगांत जी शुभ्र पूड घालतात ती बहुधा टिटॅनियम धातूचें भस्म, म्हणजे ऑक्साइड, असते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आढळते. तिच्यांतील इल्मेनाइट या खनिजांत लोखंड, टिटॅनियम व प्राणवायु एकत्र नांदतात. असल्या खनिजांतून लोखंड वेगळें काढून हें भस्म मिळवितात. त्या मऊ पुडीपासून पोलाद कापणारी धार कशी निपजते, तें आज सांगावयाचें आहे.

१८२३ सालीं वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें वेल्समधील मर्थर टिडफिल येथील लोखंडाच्या भट्टीच्या मळींत सांपडलेले, तांब्यासारखे चकचकीत, बारीक घन तपासले आणि ते शुद्ध टिटॅनियम असल्याचें प्रसिद्ध केलें. १८४९ सालीं वोलर या जर्मन रसायनज्ञानें दाखवून दिलें कीं, त्यांत नत्रवायु व कर्बहि आहेत. भट्टींतील कोळसा आणि हवा यांनीं हें काम कोणी न सांगतां केलें होतें. आज कारखान्यांत तेंच बुद्धिपुरस्सर करतात.

वजनानें ८० भाग भस्म व ३६ भाग काजळी एकत्र खलून सुमारें १,७०० ते २,००० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलीं, तर ६० भाग टिटॅनियम कार्बाइड उरतें व ५६ भाग कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. (बंद खोलींत शेगडी पेटवून निजणाऱ्यांचा घात करणारा विषारी वायु तो हाच.) काजळी कमी घालून भट्टींत नत्रवायु सोडला, तर याहून कमी उष्णतेंत नायट्राइड तयार होतें.

फळ्यावरचा हिशेब येथें संपतो. भट्टींतला संपत नाहीं. प्राणवायु पायरीपायरीनें निघतो, आणि त्याचा अखेरचा अंश फार चिवट. स्फटिकांत ज्या जागा कर्बाच्या अणूंसाठीं असतात, त्याच जागीं प्राणवायूचे व नत्रवायूचे अणुहि सुखानें बसतात. तिन्ही संयुगांची घडण मिठाच्या खड्यासारखी एकच. म्हणून वरून कार्बाइड दिसणाऱ्या पुडींत प्राणवायु दडून राहूं शकतो. कार्बाइड ३,००० अंशांच्याहि वर वितळतें, तेव्हां तें ओतून साच्यांत घालण्याची सोय नाहीं; पुडींत निकेल मिसळून, दाबून, भाजूनच हत्यार घडवावें लागतें. या भाजणींत दडलेला प्राणवायु कर्बाशीं संयोग पावतो, वायु होऊन बाहेर पडतो, आणि हत्यारांत सूक्ष्म छिद्रें ठेवून जातो. असें पातें लेथवर ऐन कामांत तुटतें. बरें, या भीतीनें काजळी जास्त घालावी, तर ग्रॅफाइट शिल्लक राहून पातें तितकेंच दुबळें होतें! यास्तव काजळी तोलून घेणें, मिश्रण अत्यंत बारीक करणें, निघणारा वायु निर्वातांत ओढून घेणें आणि प्रसंगीं पूड पुन्हा दळून दुसऱ्यांदा तापविणें, एवढा खटाटोप करावा लागतो.

बाजारांत ड्रिलांवर जो सोनेरी थर दिसतो तो नायट्राइडचाच. पण तो पुडीपासून केलेला नसतो. निर्वात पेटींत टिटॅनियमची वाफ व नत्रवायु यांचा संयोग घडवून तो पोलादावर चढवितात.