नकाशा गावाच्या हाती हवा

(नागपूर येथे ग्रामविकासाच्या कामातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'ग्रामीण पर्यटन आणि डिजिटल साधने' असा विषय आज मला दिलेला आहे. पत्रिकेत तो वाचला तेव्हाच मनात आले की, या दोहोंच्या मध्ये एक तिसरा शब्द घातल्याशिवाय मला बोलता यायचे नाही. तो शब्द म्हणजे सायकल. येथे बसलेल्यांपैकी साठी ओलांडलेल्या बहुतेकांनी आपले संपर्काचे काम सायकलवरूनच केलेले आहे. सायकलवरून निघालेला कार्यकर्ता मुक्कामाच्या गावी पोहोचेपर्यंत वाटेतल्या चार घरी पाणी प्यालेला असे आणि त्या चारही घरांतील मुलांची नावे त्याला ठाऊक झालेली असत. मोटारीतून जाणारा मात्र पाण्याची बाटली शहरातूनच बरोबर घेतो. ग्रामीण पर्यटनाचे सारे अर्थशास्त्र मला या एका फरकात साठवलेले दिसते.

आपल्या नागपूरला आज 'व्याघ्रराजधानी' म्हणतात. ते खोटे नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा ही सारी अरण्ये येथून काही तासांच्या अंतरावर आहेत. परंतु मुंबई-पुण्याहून येणारा पाहुणा विमानतळावर उतरतो आणि बंद काचेच्या गाडीतून थेट जंगलाच्या प्रवेशद्वाराशी जातो. प्रवेशद्वाराजवळच्या गावातील काही तरुणांना वाटाड्या म्हणून, जिप्सीचालक म्हणून काम मिळते, आणि ते चांगलेच आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण वाटेवरच्या गावांचे काय? त्यांच्या वाट्याला धूळ येते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे अभिमानास्पद काम आहे. परंतु त्या मार्गावर दुचाकीला आणि सायकलला प्रवेश नाही, आणि प्रवाशाला वाटेत गाव असे लागतच नाही. वेगवान रस्ता पाहुण्याला नागपूरपर्यंत आणून सोडील. तेथून पुढे त्याला हळू कसे चालवायचे, हा प्रश्न आपला आहे.

हळू चालणाऱ्याला आपल्या जिल्ह्यात दाखवावे असे काय आहे, असे कोणी विचारील. मी एकच परिसर घेतो. मनसर, रामटेक आणि नगरधन ही तीन ठिकाणे एकमेकांपासून सहा ते आठ किलोमीटरांच्या अंतरावर आहेत. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी येथे वाकाटकांचे राज्य होते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची सून. पती रुद्रसेनाच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्रांच्या वतीने तिनेच राज्यकारभार पाहिला. तिचा एक ताम्रपट रामगिरीस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, तर दुसरा नंदिवर्धनाहून. हा रामगिरी म्हणजे आपला रामटेक, ही गोष्ट महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात बसून साधार मांडली. नंदिवर्धन म्हणजे नगरधन. तेथे २०१५ पासून काही वर्षे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभाग यांनी उत्खनन केले, तेव्हा खुद्द प्रभावतीगुप्तेची मृण्मुद्रा हाती आली. मनसरच्या टेकडीवर 'प्रवरेश्वरस्य' अशी अक्षरे असलेली मुद्रा सापडली आणि प्रवरसेनाच्या मंदिराचा ठाव लागला. सोळाशे वर्षांपूर्वी एक स्त्री जेथून राज्य चालवीत होती, तो भूभाग सायकलवरून एका सकाळीत पाहून होतो. आणि आपण काय करतो? गडावर जातो, दर्शन घेतो, खिंडसीला नावेत बसतो आणि संध्याकाळी घरी परततो. नगरधनला जाणारा शंभरात एखादा.

रामटेकच्या पायथ्याचे पानमळेही किती नागपूरकरांनी पाहिले असतील? मळ्यातील तो हिरवा, ओलसर काळोख मोटारीच्या खिडकीतून दिसत नाही.

आता सायकलमार्ग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंगवलेले पट्टे आणि निविदा उभ्या राहतात. २०२० साली केंद्र सरकारने शहरांसाठी सायकलविषयक स्पर्धात्मक उपक्रम काढला. त्यात अखेरीस निवडल्या गेलेल्या ११ शहरांत आपले नागपूर होते. शहरापुरते ते ठीक आहे. गावाकडे मात्र एक इंचही नवा रस्ता न बांधता काम होऊ शकते, असे माझे मत आहे आणि त्याला आधार आहे तो बेल्जियममधील लिम्बर्ग प्रांताचा.

लिम्बर्ग हा कोळसाखाणींचा प्रदेश. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील खाणी एकेक करून बंद पडत गेल्या. शेवटची १९९२ साली बंद झाली. हातचे काम गेलेल्या त्या प्रदेशात ह्यूगो बोलेन नावाचे एक खाण अभियंता होते. जमिनीखालच्या बोगद्यांत वाट चुकू नये म्हणून प्रत्येक फाट्याला क्रमांक दिलेला असतो, हे त्यांना रोजच्या कामामुळे ठाऊक होते. तीच पद्धत त्यांनी जमिनीवर आणली. अस्तित्वात असलेले शांत रस्ते, कालव्याकाठच्या वाटा, शेतरस्ते घ्यायचे. जेथे दोन वाटा मिळतात तेथे एक पाटी लावायची आणि पाटीवर केवळ आकडा लिहायचा. सायकलस्वाराने सकाळी कागदावर पाच-सहा आकडे टिपून घ्यायचे आणि निघायचे. थकला तर मधलाच आकडा पकडून माघारी यायचे. १९९५ साली हे जाळे खुले झाले. पुढे ते उर्वरित फ्लँडर्समध्ये आणि हॉलंडभर पसरले. एका खाण अभियंत्याच्या सूचनेवर आज हजारो किलोमीटरच्या वाटा चालतात आणि त्या वाटांवरची खेडी, उपाहारगृहे, घरगुती निवास त्यावर जगतात.

खाण आणि तिचे फाटे आपल्याला अपरिचित नाहीत. सावनेर, उमरेड, कामठी येथे कोळसा आहे. मनसर-कांद्रीला मँगनीज आहे. सावनेरला तर २०१६ साली पर्यटकांना खाण दाखविण्याचा उपक्रमही सुरू झाला. तेव्हा लिम्बर्गचा धडा आपल्या माणसाला लवकर कळेल, असे मला वाटते.

आपल्याकडे वाटा कोणत्या? पहिली, पांदण. शेतकऱ्याला शेतापर्यंत बंडी आणि ट्रॅक्टर नेता यावा म्हणून पांदण रस्ते दुरुस्त करण्याची योजना शासनाने २०२१ साली मातोश्रींच्या नावे सुरू केली. जेथे मुरूम आणि गिट्टी पडली आहे, तेथे ऑक्टोबरनंतर सायकल सुखाने जाते. जेथे पडलेली नाही, तेथे पहिल्या पावसानंतर काळी माती चाकाला अशी बिलगते की सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. हा माझा स्वानुभव आहे. दुसरी वाट म्हणजे नहर. पेंच प्रकल्पाच्या कालव्यांच्या काठाने देखरेखीसाठी रस्ते आहेत. पारशिवनी, रामटेक, मौदा भागातील धानाच्या बांध्यांमधून ते जातात. पाटबंधारे खात्याची रीतसर परवानगी घेऊन, धोक्याच्या जागी कठडे बसवून त्यांचा उपयोग करता येईल. परवानगीवाचून कोणाला तेथे पाठवू नये, हे मी मुद्दाम सांगतो. पश्चिमेकडे वेगळे चित्र आहे. काटोल मार्गावर जुनापाणीची महापाषाणयुगीन शिळावर्तुळे, पुढे कळमेश्वर, आदाशाचा गणपती आणि विदर्भाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे धापेवाडा. आषाढी पौर्णिमेला तेथे यात्रेकरू पायी येतात. त्या पायवाटा आहेतच. संत्र्याच्या दिवसांत त्या वाटेने गेलेला माणूस ती वाट विसरत नाही.

येथे डिजिटल साधनांचा प्रवेश होतो, आणि येथेच माझे आपल्याशी थोडे भांडण आहे. आपण डिजिटल म्हटले की संकेतस्थळ काढतो. उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते आणि सहा महिन्यांनी त्यावरचा दूरध्वनी क्रमांक बंद असतो. गावाला संकेतस्थळ नको. गावाला नकाशावर अचूक नाव हवे. मी एका गावातील जुन्या शिवमंदिराकडे मोबाइलच्या नकाशावरून निघालो, तर त्याने मला सव्वा किलोमीटर दूर कोणाच्या तरी पऱ्हाटीच्या शेतात नेऊन उभे केले. शेताचे मालक शांतपणे म्हणाले, "तुम्ही या महिन्यातले पाचवे." ती चूक कोणी दुरुस्त करायची? ज्यांना ते मंदिर ठाऊक आहे त्यांनी. २००४ साली इंग्लंडमध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा जगाचा मुक्त नकाशा सुरू झाला. त्यात कोणीही आपली पांदण, आपली विहीर, आपले देऊळ स्वतः नोंदवू शकतो आणि तो नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही चालतो. दहावीतील मुलाला हे काम शिकायला दोन तास पुरतात. त्या मुलाच्या हातून गावाची नोंद होणे आणि मुंबईतील एखाद्या व्यावसायिकाच्या हातून होणे, यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात गावाची ओळख, पाहुण्याचा क्रमांक आणि दलाली ही तिन्ही गावाबाहेर राहतात.

दुसरे साधन यूपीआय. २०१६ पासून ते आपल्याकडे आहे आणि आता चहाच्या टपरीवरही त्याची चौकट लटकलेली दिसते. त्याचे महत्त्व मला एका फजितीतून कळले, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही रामटेक तालुक्यात सायकल सहल ठरवली. व्हॉट्सअॅपवर ४० जणांनी "येतो" म्हणून कळवले. गावातील महिला बचत गटाने पहाटे चारला उठून गोवऱ्यांवर ४० जणांचे रोडगे, वांग्याची भाजी आणि गोळाभात केला. प्रत्यक्षात पोहोचलो आम्ही ११ जण. गटाच्या अध्यक्षा काहीही बोलल्या नाहीत. त्यांनी उरलेले अन्न शाळेत पाठवले आणि आम्हाला पुन्हा पुन्हा वाढले. आम्ही पूर्ण ४० पानांचे पैसे दिले, तेव्हा त्यांनी ११ पानांचेच मोजून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊ, आलेल्यांचेच घेतो." त्या दिवशी परतताना कोणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता. शहराने गावाशी केलेला हा व्यवहार होता आणि त्यात लबाडी कोणाचीच नव्हती, केवळ बेफिकिरी होती. तेव्हापासून आमचा नियम आहे: अर्धी रक्कम आठ दिवस आधी, थेट बचत गटाच्या खात्यात. पुढच्या सहलीला २६ नावे आली आणि २५ माणसे आली.

गावाकडे जे आहे त्यालाच मोल कसे येते, याचे ताजे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातील हे पहिले आणि आशियातील पाचवे. त्यासाठी काय बांधावे लागले? वाघोलीच्या तलावाजवळ तारे पाहण्याची सोय झाली, आणि वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळविण्यात आला. गावाचा अंधार ही गावाची संपत्ती ठरली. आपण आजवर त्या अंधाराला मागासलेपण समजत होतो.

मात्र सावधगिरीचे दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण उत्साहात कार्यकर्ते ते विसरतात. पेंचच्या आसपासच्या वाटांवर पहाटे किंवा सूर्यास्तानंतर सायकल नेऊ नये. वाघाच्या परिसरात वनखात्याने आखून दिलेली वेळ आणि वाट पाळायची. आकाश पाहायचे असेल तर सायकल दुपारीच ठेवून द्यावी. आणि आपला उन्हाळा. पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेथे एप्रिल-मेमध्ये सहली काढणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. आपला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फार तर मार्चचा पहिला पंधरवडा. पाच महिन्यांचा धंदा कोणा कुटुंबाचे पोट वर्षभर भरणार नाही. म्हणून शेती सोडून कोणी या मागे लागू नये. शेतीला जोड म्हणूनच याकडे पाहावे. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरणही शेतकऱ्याला शेतकरी ठेवूनच पाहुणा घेऊ देते.

प्रश्नोत्तरांत विचारले जाईलच म्हणून आधीच सांगतो: सायकली कोणाच्या? नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली अमेरिकेची सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत एकट्याने १२ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. आपल्याला त्यांचा अभिमान आहे. पण आपला पाहुणा शर्यतीतला नाही. त्याला दिवसाला ३० किलोमीटर पुष्कळ होतात, आणि त्यासाठी गावात पडून असलेल्या साध्या काळ्या सायकली दुरुस्त करून भाड्याने दिल्या तरी पुरे. सायकल दुरुस्त करणारा मुलगा गावातच तयार होईल.

सुरुवात लहान ठेवू. मनसर, रामटेक, नगरधन, खिंडसी एवढ्याच परिसरात २० फाटे निश्चित करायचे. प्रत्येक फाट्याला ग्रामपंचायतीच्या ठरावाने क्रमांकाची एक पाटी. पाटीवर आकड्याखाली मराठीत गावाचे नाव आणि त्या गावच्या बचत गटाचा क्रमांक, बस. येत्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता रामटेकच्या बसस्थानकावर जमावे. ज्यांना सायकल चालवणे झेपत नाही त्यांनी वही आणि पेन घेऊन यावे, कारण प्रत्येक फाट्यावर थांबून त्या शेताच्या धन्याला विचारून लिहून घ्यायचे आहे की, ही वाट पावसाळ्यात चालू असते की नाही. न्याहारीचे पैसे आठ दिवस आधी पाठवावेत.