तिकीट कुणाचे, मत कुणाचे?

निवडणूक जवळ आली की परभणीच्या बसस्थानकापासून गंगाखेडच्या गोदाकाठापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : तिकीट कुणाला? एसटीचे तिकीट प्रवासी स्वतः काढतो आणि कुठे उतरायचे तेही स्वतःच सांगतो. निवडणुकीचे तिकीट मात्र भलत्याच ठिकाणी फाटते आणि प्रवास आपल्याला करावा लागतो. कोण जिंकले, कोण पडले यावर आपण रात्र-रात्र बोलतो. पण आपल्यासमोर हेच उमेदवार का आले, यावर फारसे बोलत नाही. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

मी बरीच वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. उमेदवारी अर्ज, छाननी, माघार, मतदान, मोजणी हे टप्पे मुलांना तोंडपाठ असत. एकदा एका मुलाने विचारले, ‘सर, अर्ज भरायच्या आधी काय होते?’ मला वाटते, निवडणुकीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

आपल्याच लोकसभा मतदारसंघाचे पाहा. परभणी जिल्ह्यातील जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी आणि जालना जिल्ह्यातील परतूर, घनसावंगी अशा सहा विधानसभा क्षेत्रांचा हा मतदारसंघ. शिवसेनेने इथे १९९९ मध्ये सुरेश जाधव, २००४ मध्ये तुकाराम रेंगे पाटील, २००९ मध्ये गणेशराव दुधगावकर आणि २०१४ मध्ये संजय जाधव यांना उभे केले. चार निवडणुका, चार वेगवेगळे उमेदवार, आणि चौघेही निवडून आले. मतदारांनी कौल दिला, यात शंका नाही. पण पहिल्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा, हा बदल मतदारांनी केला का? नाही. तो तिकिटाने केला. जिथे एखाद्या पक्षाचा जम बसलेला असतो, तिथे खासदार कोण होणार हे बरेचसे उमेदवारी जाहीर होते त्या दिवशीच ठरलेले असते.

आता हे तिकीट कसे ठरते? इच्छुक अर्ज करतात. मुलाखती होतात, निरीक्षक येऊन जातात, सर्वेक्षण झाल्याचे सांगितले जाते. मग याद्या मुंबईला आणि दिल्लीला जातात. युती किंवा आघाडी असेल तर त्याआधी जागा कुणाला ‘सुटते’ हा प्रश्न असतो. २०२४ चे उदाहरण घ्या. २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे राजेश विटेकर लोकसभेला सुमारे ४२ हजार मतांनी पराभूत झाले होते. २०२४ मध्ये महायुतीने ही जागा राष्ट्रीय समाज पक्षाच्या महादेव जानकर यांना दिली. जानकर मूळचे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे, त्यामुळे ‘बाहेरचा उमेदवार’ हा मुद्दा प्रचारात गाजला. शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचे संजय जाधव १ लाख ३४ हजारांवर मतांनी विजयी झाले. विटेकर त्याच वर्षी जुलैत विधान परिषदेवर आणि नोव्हेंबरमध्ये पाथरीतून विधानसभेवर गेले. यात बेकायदा काही नाही. पण या साऱ्या मांडणीत पाथरीच्या किंवा पालमच्या मतदाराला कुणी काही विचारले होते का?

शेवटी सगळे येऊन थांबते ते एबी फॉर्मवर. पक्षाने अधिकार दिलेल्या पदाधिकाऱ्याच्या सहीचे हे दोन कागद. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडले, तर उमेदवाराला पक्षाचे चिन्ह मिळते. नाही पडले, तर वीस वर्षे सतरंज्या उचललेला कार्यकर्ताही अपक्ष ठरतो. पक्षाने संघटनेच्या निवडणुका घ्याव्यात अशी निवडणूक आयोगाची अपेक्षा असते. पण उमेदवार कसा निवडावा, याबद्दल आपला कायदा गप्प आहे. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे निवडून आलेल्याला सभागृहात पक्षादेश पाळावा लागतो. म्हणजे आपला प्रतिनिधी निवडतो पक्ष आणि त्याला बांधून ठेवतोही पक्षच. आपण मध्ये एकदा बोटाला शाई लावून घेतो.

हे जगात सगळीकडे असेच चालते असे नाही. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांसाठी दर दोन वर्षांनी निवडणूक होते, आणि तिथे मतदार दोनदा मत देतो. आधी पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठी प्राथमिक निवडणूक होते, मग नोव्हेंबरमध्ये मुख्य निवडणूक. तिथेही पूर्वी पुढारी बंद खोलीत नावे ठरवत. त्याला कंटाळून विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला. रॉबर्ट ला फॉलेट हे तेव्हा तिथले गव्हर्नर होते. पुढे ही पद्धत देशभर पसरली. तिचा धाक केवढा असतो ते २०१४ मध्ये दिसले. व्हर्जिनिया राज्यात सभागृहातले रिपब्लिकन नेते एरिक कँटर यांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी प्राथमिक फेरीत घरी बसवले. हरवणारे डेव्ह ब्रॅट होते अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक.

पण दुरून डोंगर साजरे, हेही लक्षात ठेवावे. प्राथमिक निवडणुकीला तिथे मतदार कमी येतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मतदारसंघात दहा वेळा निवडून आलेल्या जोसेफ क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ या तरुणीने हरवले. तेव्हा दोघांची मते मिळून जेमतेम तीस हजारांच्या आसपास होती. थोडे लोक मत देतात तेव्हा कडवे आणि संघटित गट वजनदार ठरतात. उमेदवाराला दोनदा प्रचार करावा लागतो, म्हणून पैसाही दुप्पट ओतावा लागतो.

आपल्या शेजारीही एक प्रयोग झाला होता. २०१४ मध्ये काँग्रेसने देशातील पंधरा-सोळा लोकसभा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडायचे ठरवले. त्यात आपला लातूर होता. तिथे दत्तात्रय बनसोडे या मार्गाने उमेदवार झाले आणि मुख्य निवडणुकीत भाजपचे सुनील गायकवाड यांच्याकडून अडीच लाखांहून अधिक मतांनी हरले. मग प्रयोगही बासनात गेला. मला हे पटत नाही. तेव्हा साऱ्या देशात वारे एका दिशेने वाहत होते. शिवाय मत देण्याचा हक्क पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरताच होता, सामान्य समर्थकाला नव्हता. एका पावसाळ्यात पीक बुडाले म्हणून शेतकरी पेरणी सोडत नाही.

प्राथमिक निवडणूक नसली म्हणून आपल्याकडे चाचणी होत नाही असे मात्र नाही. ती बंडखोरीच्या रूपाने होते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपल्या गावावरून पडली, पण ती शोभते तिकीट हुकलेल्या इच्छुकाला. इथे नाही जमले तर दुसरा पक्ष, तोही नाही तर अपक्ष. गंगाखेडने २००९ मध्ये सीताराम घनदाट यांना आणि पाथरीने २०१४ मध्ये मोहन फड यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. पक्षांच्या याद्यांना मतदारांनी दिलेला तो जवाब होता. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत प्राथमिक फेरीत हरलेल्याला त्याच निवडणुकीत पुन्हा उभे राहता येत नाही. आपल्याकडे दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी, एकाच यंत्रावर होतात. त्यात मते फुटतात आणि निम्म्याहून जास्त लोकांना नको असलेला माणूसही निवडून येऊ शकतो. २०१३ पासून ‘नोटा’चे बटण आहे खरे, पण लोकसभा-विधानसभेला नोटाला सर्वाधिक मते पडली तरी विजयी होतो तो पुढचा उमेदवारच. नकार नोंदवता येतो, पर्याय सुचवता येत नाही.

आणि परभणीचा मतदार डोळे झाकून मत देणारा नाही. जिल्ह्यातील चार विधानसभा जागांवर २०१९ मध्ये चार वेगवेगळ्या पक्षांचे आमदार आले : परभणीत शिवसेना, जिंतूरमध्ये भाजप, गंगाखेडमध्ये राष्ट्रीय समाज पक्ष, पाथरीत काँग्रेस. २०२४ मध्येही चार जागा, चार पक्ष. जिंतूरची लढत दोन्ही वेळा पाच हजारांच्या आत सुटली. जो मतदार इतके पारखून मत देतो, त्याला उमेदवार पारखायची संधी आधी का मिळू नये?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर थोडे तरी करता येईल. प्रत्येक पक्षाने इच्छुकांची नावे तालुक्याला जाहीर करावीत. मुलाखती बंद दाराआड न घेता सेलूच्या, मानवतच्या, पूर्णेच्या कार्यकर्त्यांसमोर घ्याव्यात. ज्याला तिकीट दिले त्याला का दिले, हे चार ओळींत सांगावे. आणि आपण? सणावाराला चौकाचौकांत इच्छुकांचे फलक लागतात. त्यावरचा फोटो बघून पुढे जाऊ नये. लोअर दुधनाच्या पाण्याचे, कापसाच्या भावाचे, गावच्या शाळेचे काय, हे त्यांना तेव्हाच विचारावे. पुढारी सर्वाधिक ऐकून घेतो तो तिकीट मिळायच्या आधी. मिळाल्यावर तो बोलतो आणि निवडून आल्यावर भेटत नाही, ही तक्रार तर जुनीच आहे.

मतदानाच्या दिवशी आपण रांगेत उभे राहतो, तो आपला हक्क आहे. पण त्या रांगेच्या कितीतरी आधी दुसरी एक रांग लागलेली असते, इच्छुकांची. तिच्याकडे आतापासून लक्ष ठेवा, एवढेच सांगायचे होते.