वासोट्याची लाँच



गडाची वाट पायथ्याच्या गावातून सुरू होते. वासोट्याचं पायथ्याचं गाव मात्र पाण्यापलीकडे आहे, आणि तिथं आता वस्ती नाही.

साताऱ्याहून कासच्या पठारावरून उतरलं की पस्तीस-चाळीस किलोमीटरवर बामणोली. समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. धरण १९६४ साली पुरं झालं, खोऱ्यातली गावं बुडाली. काठावर उरलेल्या गावांतली मंडळी आज लाँच चालवतात.

पलीकडचं रान १९८५ पासून कोयना अभयारण्य आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. त्यामुळे आधी वनखात्याची परवानगी, मग लाँच. ओळखपत्र विसरू नका. लाँच अख्खी ठरवावी लागते; दोघंच असाल तर काठावर दुसरी टोळी गाठून भाडं वाटून घ्यावं. मी तसंच केलं होतं, आणि त्या अनोळखी इस्लामपूरकरांनी वर पिठलं-भाकरीही खाऊ घातली.

तासाभराने पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरलं की पिशव्या उघडायच्या. बाटल्या, पुडे, प्लास्टिक, सगळं मोजून लिहून घेतात आणि अनामत ठेवतात. परतताना हिशेब जुळला नाही की अनामत गेली. माझी एकदा गेली, बिस्किटाच्या एका पुड्यापायी! आधी चिडलो. मग आठवलं, अख्ख्या वाटेवर कपटाही दिसला नव्हता. गप्प बसलो.

पुढे ओढा, ओढ्याकाठचा मारुती आणि मग दाट झाडीतली अंगावर येणारी चढण. भर दुपारी तिथं ऊन जमिनीला लागत नाही. पावसाळा नुकताच सरला असेल तर जळवा असतात. मोजे पॅन्टवर ओढून घ्या. माथ्यावर पोचून बाबूकड्याकडे पाहिलं की पुढची पाच मिनिटं कुणी बोलत नाही. आमच्यातला सर्वांत बडबड्याही बोलला नाही.

पूर्वी गडावर मुक्काम करता यायचा. आता दिवस मावळायच्या आत लाँच गाठावी लागते, आणि तंबू पडतो तो अलीकडच्या काठावर, बामणोलीला किंवा शेंबडीला. जुन्या भटक्यांना हे रुचत नाही. मला रुचतं. दिवसभर आपण त्या रानात धांगडधिंगा घालतो, रात्र तरी गव्या-अस्वलांना मिळावी.

सकाळी साताऱ्याहून निघून त्याच दिवशी गड करायला जाल, तर चढताना सगळं लक्ष घड्याळाकडे राहील. आदल्या संध्याकाळीच बामणोली गाठा आणि सकाळची पहिली लाँच पकडा.