भारोत्तोलन आणि उंची

वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते, हा समज धाराशिव जिल्ह्यातही ऐकू येतो. टंचाईत तीच मुले भरलेल्या घागरी वाहतात, तेव्हा मात्र कोणी शंका घेत नाही.

हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो. उंची तेथे वाढते. त्यास गंभीर इजा झाल्यास धोका संभवतो. परंतु योग्य देखरेखीखालील भारव्यायामाने वाढ खुंटत नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्ये स्पष्ट केले. उंची ठरते ती आनुवंशिकता, आहार आणि आरोग्य यांवर. तालमीतील जोर म्हणजे तरी स्वतःच्या देहाचा भार उचलणेच होय.

सांगलीच्या संकेत सरगरने किशोरवयापासून हीच साधना केली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात २४८ किलो उचलून त्याने रौप्यपदक मिळविले. तेथेच १३९ किलो उचलताना त्याचे कोपर दुखावले. खरा धोका आहे तो दुखापतीचा.

म्हणून आधी हलक्या भाराने तंत्र घोटावे. वाढ पूर्ण होईपर्यंत कमाल वजनाचा हट्ट टाळावा. मुलाच्या हातातील वजन हिरावून घेण्यापेक्षा त्याच्यापाशी जाणता शिक्षक उभा करावा, यातच पालकांचे खरे कर्तव्य आहे.