एकच फळ, चवी अनेक
(नागपूर येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत कॉफी कशाला, असे कोणी म्हणेल. पण कॉफी आपल्या विदर्भातही होते. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याच्या डोंगरावर इंग्रजांच्या काळात तिची लागवड झाली.

कॉफीचे पिकलेले फळ बोरासारखे लाल. आत दोन बिया, भोवती चिकट गोड गर. फळ सालीसकट उन्हात वाळवले, तर कॉफी दाट आणि फळाच्या वासाची होते. साल काढून, गर एक-दीड दिवस आंबवून, भरपूर पाण्याने धुऊन बी वाळवले, तर चव स्वच्छ आणि किंचित आंबूस येते. साल काढून गरासकट वाळवले, तर चव दोन्हींच्या मधली. एकाच ज्वारीचा हुरडा वेगळा आणि भाकर वेगळी, तसेच हे.

पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपात जाताना मलबारची कॉफी महिनोन्‌महिने दमट हवा खाऊन फुगे, पिवळी पडे. तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. जहाजे वेगवान झाल्यावर किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारा देऊन ती चव मुद्दाम आणू लागले. आज 'मान्सून्ड मलबार' नावाने ती जगभर विकली जाते.

मात्र फळ कच्चे तोडले किंवा ढिगात सडले, तर कोणतीही रीत ते सुधारत नाही. आपल्या माय-बहिणी दव वाळल्यावर कापूस वेचतात, कवडी वेगळी ठेवतात, ती हीच अक्कल.

पण मेहनतीने आणलेल्या चवीचा भाव मिळतो कोणाला? १९४२ च्या कायद्याने बागायतदाराला सारी कॉफी बोर्डाच्या साठ्यात घालावी लागे. पैसे हप्त्या-हप्त्याने मिळत. १९७२ पासून एकाधिकार खरेदीत आम्हीही हेच भोगले. १९९६ मध्ये कॉफीची विक्री पूर्ण मोकळी झाली. पुढे काही बागायतदार आपल्या बागेच्या नावाने, प्रक्रियेची रीत सांगून माल विकू लागले. २००० नंतर जगात भाव कोसळले, तेव्हा मोकळीक असूनही त्यांना झळ बसली, हेही विसरू नये.

आपण कापूस देतो आणि रुई-सरकीचा हिशेब दुसरा मांडतो. तेव्हा या हंगामात गावातल्या दहा घरांनी तरी स्वच्छ कापूस वेगळा साठवावा, एकत्र जिनिंग करून घ्यावे आणि रुईचा उतारा स्वतः वहीत लिहावा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. भावाची बोलणी तिच्यावरूनच करू.